आरोग्य कर्मचारी स्वतः लस घेताना का थबकतात?

कुंदकळी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात जुन्या वॉर्डातील एका मैत्रिणीच्या घरी आम्ही सात-आठ जणी जमलो होतो. बोलता बोलता विषय २०२१ च्या जानेवारीवर आला. त्या वेळी पहिल्या यादीत नाव असूनही आमच्यातील दोघींनी कोविडची लस घेतली नव्हती. त्यामागची कारणे त्यांनी त्या दिवशी प्रथमच मोकळेपणाने सांगितली. मी एकतीस वर्षे परिचारिका होते आणि त्यांतील शेवटची अकरा वर्षे संसर्ग नियंत्रणाचे काम पाहत होते, त्यामुळे ही कारणे आपल्याला ठाऊकच आहेत असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला, म्हणून हा धागा काढत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. १६ जानेवारी २०२१ रोजी देशभर लसीकरण सुरू झाले आणि पहिला मान सुमारे एक कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांना देण्यात आला. महाराष्ट्रात त्या दिवशी २८५ केंद्रे होती, प्रत्येक केंद्रावर शंभर जणांची यादी होती, म्हणजे उद्दिष्ट २८,५०० चे होते. प्रत्यक्षात सुमारे १८ हजार जणांनी लस घेतली. को-विन या लसनोंदणीच्या सरकारी प्रणालीचे मेसेज वेळेवर न पोहोचणे हे त्याचे एक कारण होते आणि ते खरेही होते. परंतु मेसेज पोहोचूनही न आलेले लोक होते, त्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, तंत्रज्ञ होते. वर्तमानपत्रांनी तेव्हा विचारले की शिकलेसवरलेले लोकच असे करू लागले तर सामान्यांनी काय करावे. या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की लस घेणे किंवा न घेणे हे ज्ञानावर ठरते. ते गृहीत मला आता पटत नाही.

माझी पहिली मैत्रीण शस्त्रक्रिया विभागात होती आणि तिच्या केंद्रावर कोव्हॅक्सिन आली होती. या लसीला ३ जानेवारीला मंजुरी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे परिणामकारकतेचे आकडे हाती आलेले नव्हते, आणि मंजुरीच्या शब्दांतच ‘चाचणी पद्धतीने’ वापर करण्याची अट होती. त्यामुळे कोव्हॅक्सिन घेणाऱ्याला संमतीपत्रावर सही करावी लागत असे. कोव्हिशील्ड घेणाऱ्याला तशी सही करावी लागत नव्हती. संमतीपत्रात लिहिले होते की गंभीर दुष्परिणाम झाल्यास उपचार मिळतील आणि तो लसीमुळेच झाल्याचे सिद्ध झाल्यास कंपनी भरपाई देईल. मैत्रीण म्हणाली, “अगं, शस्त्रक्रियेआधी रुग्णाची सही मीच वीस वर्षे घेत आले. सही घेतली की जबाबदारी कुणीकडून कुणीकडे सरकते, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. सिद्ध कोण करणार, हा एकच प्रश्न मी विचारला, तर यादीवरचा माणूस म्हणाला की सिस्टर, मागे रांग आहे.” तिला लसीची भीती नव्हती. कागद वाचायची सवय तिला आम्हीच लावली होती आणि तिने तो वाचला, एवढेच.

दुसरी त्या वेळी एकोणतीस वर्षांची होती आणि मूल व्हावे म्हणून उपचार घेत होती. गरोदर आणि स्तनदा मातांना तेव्हा लस द्यायची नव्हती. चाचण्यांमध्ये त्यांचा समावेश नसल्यामुळे माहितीच उपलब्ध नव्हती. स्तनदा मातांना परवानगी १९ मे २०२१ ला मिळाली आणि गरोदर स्त्रियांना २ जुलैला. मग जिला पुढच्या महिन्यात गर्भ राहण्याची आशा आहे तिने काय करावे? हा प्रश्न तिने एका निवासी डॉक्टरला विचारला. तो म्हणाला, “घेऊन टाका, काही होत नाही.” वेळ नसला की आपण रुग्णाला जे वाक्य ऐकवतो, तेच वाक्य तिला ऐकवले गेले, आणि ते कोणत्या वेळी वापरतात हे तिला चांगले माहीत होते. परिचारिका, एएनएम (उपकेंद्रातील परिचारिका), आशा (गावातील आरोग्य स्वयंसेविका) यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांतील पुष्कळ जणी मूल होण्याच्या वयाच्या आहेत. ज्यांना सर्वांत आधी लस द्यायची ठरली, त्यांच्याच मनातील सर्वांत मोठ्या प्रश्नाला उत्तर देणारे माणूस कुठेच बसवलेले नव्हते. ‘लसीने मूल होत नाही’ ही अफवा त्या रिकाम्या जागेत शिरली.

दोघींच्या बोलण्यात आणखी एक धागा समान होता, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०२० च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे संरक्षक पोशाख अपुरे होते, काही दिवस रेनकोटवर काम भागवले, एक एन-९५ मुखपट्टी पाच-पाच दिवस वापरली. बाधित झालेल्या कंत्राटी परिचारिकांच्या विलगीकरणाचे दिवस पगारातून कापायचे की नाही, यावर महिनाभर कागद फिरत राहिला. त्यानंतर त्याच कार्यालयातून निरोप आला की ही लस तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे. निरोप खराच होता, पण पाठवणारा तोच होता.

पुढे दोघींनीही लस घेतली. पहिलीने मार्चमध्ये घेतली. ३ मार्चला कोव्हॅक्सिनच्या चाचणीचा ८१ टक्क्यांचा अंतरिम निष्कर्ष आला होता हे एक कारण, आणि त्याहून मोठे कारण म्हणजे तिच्या इनचार्ज सिस्टर. त्यांनी दुसरी मात्रा घेतली आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर येऊन सांगितले की रात्री एकशे एक ताप होता, हात दुखत होता, एक पॅरासिटामॉल घेतली आणि पहाटे उतरला. ‘काही होत नाही’ या वाक्याने जे साधले नव्हते, ते ‘मला असे असे झाले’ या वाक्याने साधले. दुसरीला तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी अर्धा तास समोर बसवून समजावले, आणि तिनेही घेतली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने लसीबाबतच्या साशंकतेची तीन मुळे सांगितली आहेत: विश्वास कमी असणे, आजाराचा धोका कमी वाटणे आणि लस मिळण्यातील गैरसोय. ही मांडणी उपयोगी आहे, परंतु कर्मचाऱ्यांच्या बाबतीत विश्वास लसीवर आहे की ती देणाऱ्या मालकावर, हे वेगळे पाहावे लागते. आमच्या यादीत ‘घेतली’ आणि ‘नाकारली’ असे दोनच रकाने होते, ‘विचारायचे आहे’ असा रकाना नव्हता. जे सदस्य या क्षेत्रात आहेत त्यांनी आपला अनुभव लिहावा, आणि जे रुग्णाच्या बाजूने पाहतात त्यांनीही लिहावे.

पाणवठा

मी त्या वेळी निवासी डॉक्टर होतो, आणि आपल्या मैत्रिणीला ‘घेऊन टाका’ म्हणणारा मीही असू शकलो असतो, हे आधी मान्य करतो. छत्तीस तासांची ड्यूटी संपत आली असताना कुणी प्रश्न विचारला की उत्तर देण्याऐवजी प्रश्न मिटवण्याकडे कल होतो.

परंतु डॉक्टरांच्या थबकण्याचे स्वरूप थोडे वेगळे होते. आम्हाला दोन लसींतील फरक ठाऊक होता आणि निवड करण्याची मुभा नव्हती. दिल्लीतील राममनोहर लोहिया रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी वैद्यकीय अधीक्षकांना पत्र लिहून कोव्हिशील्डची मागणी केली होती, ती यामुळेच. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, सोलापूर, अमरावती अशा मोजक्या ठिकाणी कोव्हॅक्सिन गेली आणि तेथेही कुजबुज झाली. लस घेण्यापूर्वी पुरावा मागा, हे आम्हाला पाचही वर्षे शिकवले गेले होते. जुलैमध्ये अंतिम आकडा ७७.८ टक्के आला आणि लस चांगली ठरली. पण जानेवारीतील शंका जानेवारीत उपलब्ध असलेल्या माहितीवरच तपासली पाहिजे.

एक गोष्ट मात्र नोंदवतो. माझ्या तुकडीतील ज्यांनी जानेवारीत वाट पाहायची ठरवली, त्यांतील एक जण एप्रिलमध्ये अतिदक्षता विभागात होता. तो वाचला. वाट पाहण्याचीही किंमत असते आणि ती आमच्या हिशेबात तेव्हा पुरेशी धरली गेली नव्हती, कारण जानेवारीत रुग्णसंख्या उतरली होती आणि पहिली लाट हीच शेवटची असे आम्हाला मनातून वाटत होते.

कुंदकळी

पाणवठा, आपल्या मित्राबद्दल वाचून बरे वाटले आणि वाईटही. उतरलेल्या रुग्णसंख्येचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अमरावतीत रुग्ण वाढू लागले आणि २२ तारखेपासून तेथे पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा आमच्याकडील लसीकरण कक्षासमोरची रांग दोन दिवसांत बदलली. लस तीच होती, माहितीतही फारशी भर पडली नव्हती. धोका मात्र पुन्हा डोळ्यांसमोर आला होता.

देवराई

मी गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी आहे, माझ्याकडे बावीस आशाताई आहेत. मोठ्या रुग्णालयातील चर्चेत आमचा उल्लेख शेवटी येतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गावात लस आली तेव्हा लोकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, “ताई, तुम्ही घेतली का?” त्यामुळे आशाने लस घेणे हे तिच्या एकटीच्या शरीरापुरते राहत नव्हते. तिला ताप आला तर संध्याकाळपर्यंत तो गावभर होत असे. माझ्या एका आशाताईने लस घेतली आणि दोन दिवस अंथरुणाला खिळून राहिली. पुढचे तीन आठवडे त्या पाड्यावरून कुणी केंद्रावर आले नाही. त्या दोन दिवसांत तिच्या गृहभेटी झाल्या नाहीत आणि आशांचा मोबदला बराचसा कामागणिक मिळत असल्याने तिचे पैसेही बुडाले. ज्यांना पगारी रजा आहे त्यांच्यासाठी एक दिवसाचा ताप हा केवळ ताप असतो. आमच्या आशांसाठी तो बुडालेला दिवस असतो. आमच्यातील ज्यांनी लस पुढे ढकलली, त्यांनी बहुधा हेच कारण मनात धरले होते, पण विचारल्यावर त्या ‘भीती वाटते’ असे सांगत, कारण पैशाचे कारण सांगायला लाज वाटते.

मी एवढेच केले की सर्वांना एकाच दिवशी पाठवले नाही. चार-चार जणींच्या गटाने, शनिवारी, म्हणजे रविवार विश्रांतीला मिळेल, आणि त्या दोन दिवसांच्या भेटी शेजारच्या आशांनी वाटून घ्यायच्या, असे ठरवले. तालुक्याच्या बैठकीत मला विचारण्यात आले की तुमच्याकडे कोणते समुपदेशन केले. मी समुपदेशन असे काही केले नव्हते, शनिवार निवडला होता.

काठावरचा

मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही. माझ्या आईचे गेली सहा वर्षे आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे, त्यामुळे रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांवर आमचे आयुष्य अक्षरशः अवलंबून आहे. वरील अनुभव वाचून मला सहानुभूती वाटली. तरीही माझा प्रश्न कठोर आहे आणि तो मी कठोरपणेच विचारतो.

माझ्या आईची प्रतिकारशक्ती कमी आहे. तिला लस दिली तरी ती निरोगी माणसाइतकी लागू पडत नाही, असे तिच्या डॉक्टरांनीच सांगितले आहे. मग तिच्या नळ्या जोडणाऱ्या तंत्रज्ञाने लस घेतली आहे की नाही, हा त्याचा खासगी निर्णय कसा ठरतो? वैमानिकाची तपासणी न करता विमान उडवू देत नाहीत. सिअॅटलमधील व्हर्जिनिया मेसन या रुग्णालयाने २००५ मध्ये फ्लूची लस नोकरीची अट केली, आणि जे प्रमाण त्यापूर्वी पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर अडकले होते ते पहिल्याच हंगामात ९७ टक्क्यांच्या पुढे गेले. वर्षानुवर्षांच्या पत्रकांनी आणि व्याख्यानांनी जे झाले नाही ते एका नियमाने झाले. मग मने वळवण्यात वेळ का घालवावा?

सांजवेळ

काठावरचा, आपला प्रश्न रास्त आहे. मी इंग्लंडमध्ये वृद्धांच्या विभागात डॉक्टर आहे आणि सक्ती जवळून पाहिली आहे, म्हणून लिहितो.

येथे ११ नोव्हेंबर २०२१ पासून वृद्धाश्रमांतील कर्मचाऱ्यांना कोविडची लस सक्तीची झाली. एनएचएसच्या, म्हणजे येथील सरकारी आरोग्यसेवेच्या कर्मचाऱ्यांसाठी तीच सक्ती १ एप्रिल २०२२ पासून येणार होती, आणि त्यासाठी पहिली मात्रा ३ फेब्रुवारीपर्यंत घेणे आवश्यक होते. पण त्या मुदतीच्या तीन दिवस आधी, ३१ जानेवारीला, सरकारने माघार जाहीर केली आणि मार्चच्या मध्यापासून वृद्धाश्रमांचाही नियम मागे घेतला. एक कारण असे की ओमायक्रॉन आल्यावर लसीमुळे संसर्ग रोखला जाण्याचे प्रमाण घटले होते. दुसरे असे की आधीच माणसे कमी असलेल्या यंत्रणेतून आणखी हजारो माणसे गमावणे परवडणारे नव्हते. दरम्यान वृद्धाश्रमांतून जे गेले ते गेलेच. माझ्या रुग्णांना घरी सोडता येत नव्हते, कारण त्यांना सांभाळायला तेथे माणसे नव्हती. सक्तीने रुग्ण सुरक्षित होतो हे खरे असू शकते, परंतु त्याची काळजी घेणारा हातच उरला नाही तर तोही धोकाच आहे. इटली आणि फ्रान्स यांनी २०२१ मध्येच सक्ती केली आणि ती राबवली, हेही मी लपवत नाही. त्यामुळे सक्ती कधीच नको असे मी म्हणणार नाही. लस संसर्ग पसरणे किती थांबवते यावर ते अवलंबून आहे असे मला वाटते.

आता कुंदकळी यांच्या मूळ मुद्द्याला जोडून एक गोष्ट. लेस्टरच्या विद्यापीठ रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांची २०२१ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतची पाहणी प्रसिद्ध झाली. गोऱ्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी लस घेतली होती, दक्षिण आशियाई वंशाच्या सुमारे ५९ टक्क्यांनी आणि कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ३७ टक्क्यांनी. लस एकच, रुग्णालये तीच, प्रशिक्षणही तेच. आणि पहिल्या लाटेत मृत्यू पावलेल्या डॉक्टरांत स्थलांतरित व अल्पसंख्य समाजातील डॉक्टरांचे प्रमाण फार मोठे होते, म्हणजे धोका याच लोकांना अधिक होता. माझ्या विभागातील एका घानाच्या परिचारिकेने मला सांगितले होते की मुखपट्ट्या वाटताना आम्ही रांगेत शेवटी होतो, लस टोचताना पहिले कसे झालो? तिला मी आकडेवारी दाखवू शकलो असतो. मी ती दाखवली नाही, कारण तिने विचारलेला प्रश्न आकडेवारीचा नव्हता. आम्ही बोलत राहिलो आणि तिने एप्रिलमध्ये लस घेतली.

जुनापूल

मी विकृतिशास्त्राचा (पॅथॉलॉजीचा) निवृत्त प्राध्यापक आहे. या चर्चेत दोन जुने प्रसंग जोडावेसे वाटतात.

मुंबईत प्लेग असताना ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि हे त्यांनी लपवले नाही. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवकांवर प्रयोग झाला. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एका बाटलीतील लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यातून त्यांची मुक्तता व्हायला १९०७ साल उजाडले. आज परळची ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. स्वतः आधी टोचून घेण्याने विश्वास उभा राहतो हे जितके खरे, तितकेच हेही खरे की दुर्घटनेनंतर खुलासा येण्यास जी पाच वर्षे जातात, त्या काळात तो विश्वास रोज थोडा थोडा झिजत असतो.

दुसरा प्रसंग अमेरिकेतील आहे. जैविक हल्ल्याच्या भीतीने २००३ च्या जानेवारीत तेथे सुमारे पाच लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना देवीची लस देण्याची मोहीम सुरू झाली. प्रत्यक्षात सुमारे चाळीस हजारांनीच ती घेतली आणि मोहीम विझून गेली. देवीचा एकही रुग्ण जगात नव्हता, जुन्या लसीचे दुष्परिणाम ज्ञात होते, मार्चमध्ये हृदयविकाराच्या तक्रारी समोर आल्या, आणि लसीमुळे आजारी पडलेल्याच्या बुडालेल्या पगाराचे व उपचारांचे काय, याचा कायदा एप्रिलमध्ये, म्हणजे मोहीम सुरू झाल्यानंतर, झाला. लस न घेणाऱ्या त्या साडेचार लाखांहून अधिक जणांना अडाणी म्हणता येईल का? मला तरी त्यांचा निर्णय पुरता समंजस वाटतो. ‘कर्मचारी लस घेत नाहीत’ हे वाक्य ऐकले की प्रथम कोणती लस, कोणत्या आजारासाठी आणि कोणत्या हमीवर, हे विचारावे. २०२१ च्या कोविड लसीला हे उदाहरण लागू होत नाही, कारण तेव्हा आजार दारात उभा होता. पण हमीचा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

दुपारची पाळी

मी एका खासगी रुग्णालयात वॉर्डची परिचारिका आहे आणि हा धागा तीन दिवस वाचते आहे. सर्वांनी कोविडबद्दल लिहिले, फ्लूबद्दल लिहिले. मला कावीळ ब (हिपॅटायटिस बी) बद्दल विचारायचे आहे.

आमच्याकडे परिचारिकांना भरतीच्या वेळी कावीळ ब च्या तीन मात्रा मिळतात. पण सफाईच्या मावशी आणि मामा ठेकेदाराचे आहेत. गेल्या आठवड्यात एका मावशींना लाल पिशवी बांधताना सुई टोचली. सुई तेथे असायलाच नको होती, ती पांढऱ्या डब्यात जायला हवी होती, पण ती होती. मावशींनी बोट नळाखाली धरले, पदराला पुसले आणि काम सुरू ठेवले. मी विचारले, कावीळची लस घेतली आहे का? त्या म्हणाल्या, “मला कोणी विचारलंच नाही, बाई.” नंतर मी मोजले. आमच्या दोन मजल्यांवर अशा अकरा जणी आहेत आणि अकराही जणींचे उत्तर हेच आले. यांचे प्रमाण कोणत्या पाहणीत येते? यांनी लस नाकारलेली नाही आणि स्वीकारलेलीही नाही. मी काय करू शकते, हे कुणी सांगेल का?

कुंदकळी

दुपारची पाळी, आपला प्रतिसाद वाचून मी माझाच मूळ लेख पुन्हा वाचला आणि त्यात मावशींचा उल्लेख नाही हे पाहून मला फार वाईट वाटले. आपल्या प्रश्नाचे उत्तर जितके नेमके देता येईल तितके देते.

आधी त्या मावशींचे. त्यांना आजच्या आज आपल्या संसर्ग नियंत्रण विभागात किंवा अपघात विभागात न्या आणि सुई टोचल्याची लेखी नोंद करा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात, ती वेळ गेली आहे. तरी आताची आणि पुढील ठरावीक अंतराने होणारी रक्ततपासणी सोडू नका. कावीळ ब ची पहिली मात्रा आजच द्यायला सांगा. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर कावीळ ब होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. कावीळ क साठी ती त्याहून खूपच कमी असते आणि एचआयव्हीसाठी सुमारे ०.३ टक्का. आपण सगळेच एचआयव्हीला घाबरतो, आणि ज्याच्यावर उत्तम लस १९८० च्या दशकापासून उपलब्ध आहे त्या आजाराकडे दुर्लक्ष करतो. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो, हेही मावशींना कुणी सांगितलेले नसते.

आता बाकीच्या दहा जणींचे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांत स्पष्ट तरतूद आहे की कचरा हाताळणाऱ्या सर्वांना कावीळ ब आणि धनुर्वात यांची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. माणूस ठेकेदाराचा असला तरी कचरा रुग्णालयाचा आहे. त्यामुळे ठेकेदाराकडे जाऊ नका, संसर्ग नियंत्रण समितीकडे लेखी अर्ज द्या आणि त्यात या नियमाचा उल्लेख करा. मी सेवेत असताना माझ्या अनुभवात तोंडी विनंती तीनदा विसरली गेली आणि लेखी अर्जाला आठवड्यात उत्तर मिळाले.

अमेरिकेत १९९१ च्या नियमाने मालकाला बंधन घातले की रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाला, कामावर रुजू झाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत, ही लस मोफत देऊ केलीच पाहिजे. कर्मचाऱ्याला नाही म्हणण्याचा अधिकार ठेवला आहे, मात्र त्याने तसे लिहून द्यायचे, आणि पुढे कधी मन बदलले तरी त्याला मोफतच द्यायची. काठावरचा यांनी विचारले होते की मने का वळवावीत. या नियमात सक्ती मालकावर आहे, कर्मचाऱ्यावर नाही. तेथील आरोग्य कर्मचाऱ्यांतील कावीळ ब चे रुग्ण १९८० च्या दशकात दरवर्षी हजारोंनी होते, ते नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत काही शेकड्यांवर आले.

मात्रा द्यायची वेळ पाळी बदलताना ठेवा, म्हणजे दुपारी दोनच्या आसपास. ओपीडीत बोलावू नका, तेथे त्यांना रांगेत मागे सारले जाते. तिसरी मात्रा सहा महिन्यांनी असते आणि तोवर ठेकेदार बदललेला असू शकतो, म्हणून प्रत्येकीच्या हातात तिच्या नावाचे कार्ड द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. आणि कुणी नाही म्हणाली तर तिचे नाव ‘नाकारली’मध्ये लिहू नका, का ते विचारा.

काठावरचा

मालकावर सक्ती हा विचार मी केलेला नव्हता. उद्या आईला घेऊन जाईन तेव्हा डायलिसिस विभागात विचारणार आहे. तंत्रज्ञाला विचारणार नाही, विभागप्रमुखांना विचारेन की तुम्ही यांना लस दिली आहे का, आणि तेथील सफाईच्या माणसांनाही दिली आहे का.

दुपारची पाळी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. टोचलेल्या मावशींना पहिली मात्रा त्याच दिवशी मिळाली, त्यांची पहिली रक्ततपासणी ठीक आली आहे आणि पुढच्या तारखा मी माझ्या डायरीत लिहून ठेवल्या आहेत. समितीने अर्ज मान्य केला. काल दुपारी दोन वाजता आमच्या ड्रेसिंगच्या खोलीत उरलेल्या दहांपैकी आठ जणींनी पहिली मात्रा घेतली.

दोघींनी घेतली नाही. एकीने सांगितले की मागे घराजवळ दंडात इंजेक्शन घेतले होते तेव्हा गाठ होऊन पू झाला होता, आणि हात सुजला तर मॉप पिळता येत नाही. तिची जुनी खूण मी पाहिली, ती खरोखर मोठी आहे. तिला डाव्या हातात आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी द्यायची, असे आम्ही दोघींनी मिळून ठरवले आहे. दुसरी काहीच बोलली नाही, नुसती मान हलवून गेली. तिची पाळी आज माझ्याबरोबर आहे. चहाच्या वेळी मी तिच्याजवळ बसणार आहे.